लॅमिनेटेड रोलचा भाव कसा काढायचा: किलोचा दर आणि पाऊचचा खरा खर्च

पाऊचच्या रोलसाठी कोटेशन मागितलं की समोरून बहुतेक वेळा एकच आकडा येतो: किलोला इतके रुपये. दुसऱ्याचा आकडा पाच रुपयांनी कमी असतो, तिसऱ्याचा आणखी चार रुपयांनी, आणि ऑर्डर तिसऱ्याला जाते. मसाले, फरसाण, चहा, कडधान्यं पॅक करणाऱ्या छोट्या उद्योगांत हे सर्रास चालतं आणि त्यात बरेच पैसे वाया जातात. रोल किलोवर विकत घेतला तरी मशीनवर तो क्षेत्रफळावर संपतो. एका किलोत किती पाऊच निघणार हे ठाऊक नसेल, तर किलोच्या दरावरून स्वस्त-महाग काहीच ठरत नाही.

पुढचं सगळं गणित एकाच उदाहरणावर करू: २०० ग्रॅम कांदा-लसूण मसाल्याचा सेंटर सील (मागे मधोमध उभं सील असलेला) पाऊच, १५० मिमी रुंद आणि २०० मिमी उंच, सहा रंगांची रोटोग्रॅव्हुअर (कोरलेल्या सिलिंडरनं होणारी) छपाई, आणि पेट (पॉलिएस्टर फिल्म) १२ मायक्रॉन, मेटपेट (धातूचा पातळ मुलामा दिलेलं पेट) १२ मायक्रॉन, पॉली (पॉलिथिन) ५० मायक्रॉन असं तीन थर चिकटवून केलेलं लॅमिनेट. रुपयांतले दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. बाजारभाव दर पंधरवड्याला हलतो, त्यामुळे प्रत्यक्ष हिशोब करताना त्या दिवशीचे दर घाला. रीत तीच राहते.

थर आणि जीएसएम

फिल्मची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतात, पण पैसे वजनाचे मोजावे लागतात. या दोघांना जोडणारी गोष्ट म्हणजे घनता. मायक्रॉनला घनतेनं गुणलं की एका चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन मिळतं, तोच जीएसएम. लक्षात ठेवायच्या घनता थोड्याच आहेत: पेट आणि मेटपेट १.४०, बीओपीपी ०.९१ आणि सीपीपी ०.९० (या दोन्ही पॉलिप्रॉपिलिनच्या फिल्म), साधी पॉली म्हणजे एलडीपीई ०.९२, नायलॉन १.१५ आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइल २.७०. दुधाळ पांढऱ्या पॉलीत रंगद्रव्य असल्यामुळे तिची घनता साध्या पॉलीपेक्षा थोडी जास्त भरते. पॉलीची जाडी अनेक जण अजून गेजमध्ये सांगतात. १०० गेज म्हणजे २५.४ मायक्रॉन, म्हणून २०० गेजची पॉली साधारण ५० मायक्रॉनची.

आपल्या लॅमिनेटचा हिशोब असा. पेट १२ × १.४० = १६.८. मेटपेटही १६.८. पॉली ५० × ०.९२ = ४६. सुकलेली शाई सुमारे २ ग्रॅम. दोन वेळा चिकटवायचं आहे, दर वेळी सुमारे २ ग्रॅम, म्हणून अ‍ॅडेसिव्ह ४. एकूण ८५.६ जीएसएम. कोटेशनवर नुसतं ‘पेट, मेटपेट, पॉली’ लिहिलेलं चालवून घेऊ नका. प्रत्येक थराचे मायक्रॉन आणि एकूण जीएसएम दोन्ही लिहून घ्या. जीएसएम घरच्या काट्यावर तपासता येतो. थरांचे मायक्रॉन सुटे मोजायला लॅब लागते.

मसाल्याला हे तीन थर का? बाहेरच्या पेटवर आतल्या बाजूनं छपाई होते, म्हणून शाई घासली जात नाही. मेटपेट वास आणि ओलावा अडवतं. पॉली सील होते. कांदा-लसूण मसाल्यात तेल असतं आणि लसणाचा उग्र वासही असतो. तेल पॉलीतून हळूहळू झिरपून अ‍ॅडेसिव्हपर्यंत पोचतं. अ‍ॅडेसिव्ह कमी दर्जाचं असेल किंवा कमी लागलं असेल, तर दीड-दोन महिन्यांनी पाऊच बोटांत चोळला की आतला पॉलीचा थर मेटपेटवरून सरकताना जाणवतो आणि पुढे बुडबुडे दिसू लागतात. म्हणून कोटेशन मागतानाच आत काय भरणार ते सांगा. कोरड्या हळदीला चालणारं अ‍ॅडेसिव्ह इथे चालेलच असं नाही आणि चांगल्या ग्रेडनं किलोला दोन-तीन रुपये वाढत असतील तर ते द्यावेत.

कोरडी, वासाला सौम्य वस्तू असेल तर पेट आणि पॉली हे दोन थर पुरतात. बिस्किटांना बीओपीपीचे दोन थर चालतात. फॉइल शक्यतो टाळा. ९ मायक्रॉन फॉइल म्हणजे २४.३ जीएसएम, दरही चढा, घडीवर बारीक छिद्रं पडतात आणि प्लास्टिकसोबत धातूचा थर आल्यामुळे विस्तारित उत्पादक जबाबदारीच्या, म्हणजे प्लास्टिक पॅकिंगच्या कचऱ्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या, नियमांत ते पॅकिंग तिसऱ्या वर्गात जातं, जिथे पुनर्वापर अवघड आहे. दीर्घ टिकाऊपणाची खरी गरज असेल तेव्हाच फॉइलकडे जावं.

एका पाऊचला फिल्म किती लागते

सेंटर सील पाऊचला रोलची रुंदी म्हणजे पाऊचच्या रुंदीची दुप्पट, अधिक मागच्या उभ्या सीलसाठी २० मिमी. १५० × २ + २० = ३२० मिमी. लांबी म्हणजे वरचं आणि खालचं सील धरून एक कट, २०० मिमी. यालाच रिपीट म्हणतात. क्षेत्रफळ ०.३२ × ०.२० = ०.०६४ चौरस मीटर. त्याला ८५.६ नं गुणलं की पाऊचचं वजन ५.४८ ग्रॅम. १००० भागिले ५.४८, म्हणजे किलोला १८२ पाऊच.

हा १८२ चा आकडा कोटेशनवर दराच्या शेजारी लिहिलेला असला पाहिजे.

माप ठरवताना थोडा वेळ घालवला तर तो वर्षानुवर्षं पैसे देतो. रिपीट २०० ऐवजी १९५ मिमी केला तर फिल्म थेट अडीच टक्के वाचते. पण हे सिलिंडर बनण्याआधीच करायला हवं, कारण सिलिंडरचा परीघ रिपीटच्या पटीत असतो आणि एकदा कोरला की बदलत नाही. आधी साध्या कोऱ्या रोलवर मशीनमध्ये माल भरून पाहा. मसाला दळणीप्रमाणे फुगीर किंवा दबलेला भरतो, आणि वरच्या सीलमध्ये पूड अडकायला नको म्हणून मोकळी जागा लागते. ती किती लागते हे मशीनवरच कळतं.

रुंदीतही एक खाच आहे. समजा कन्व्हर्टरच्या, म्हणजे फिल्म आणून छापणाऱ्या, थर चिकटवणाऱ्या आणि कापून देणाऱ्या कारखानदाराच्या मशीनवर १००० मिमी रुंदीपर्यंत फिल्म चालते. ३२० मिमीच्या तीन पट्ट्या म्हणजे ९६०, दोन्ही कडांची कापणी मिळून २० मिमी, एकूण ९८०. बसलं. आता पाऊच १५० ऐवजी १६० मिमी रुंद ठेवला, तर पट्टी ३४०, तीन पट्ट्या १०२० आणि कडा धरून १०४०. मशीनवर बसत नाही, दोनच पट्ट्या घ्याव्या लागतात. तेवढ्याच वेळात आणि तेवढ्याच मजुरीत दोन-तृतीयांश माल निघणार आणि कन्व्हर्टर तो फरक दरात धरणार. माप पक्कं करण्याआधी मशीनची जास्तीत जास्त रुंदी विचारा आणि १० मिमीसाठी एक पट्टी तर जात नाही ना हे पाहा.

कच्च्या मालाचा खर्च

चौरस मीटरवर हिशोब करू. पेट किलोला १३० रुपये धरलं, तर १६.८ ग्रॅमचे २.१८ रुपये. मेटपेट १५० नं २.५२. पॉली १३० नं ४६ ग्रॅमचे ५.९८. सुकलेल्या शाईचा दर किलोला ६०० धरला तर २ ग्रॅमचे १.२०. अ‍ॅडेसिव्ह ३०० नं ४ ग्रॅमचे १.२०. एकूण १३.०८ रुपये चौरस मीटरला. ०.०८५६ नं भागलं की किलोला १५३ रुपये.

यात पॉली वजनानं निम्म्याहून जास्त आहे. म्हणजे भाव कमी-जास्त करायची सर्वांत मोठी जागा पॉलीची जाडी. फसवणुकीचीही तीच.

शाईत सगळ्यात जास्त पांढरी जाते. मेटपेटची चांदी झाकायला डिझाइनच्या मागे पूर्ण पांढरा थर द्यावा लागतो. काही भागांत चांदी तशीच दिसू दिली तर शाई वाचते, पण अन्नाच्या पाऊचवर बारीक अक्षरांमागे पांढरं हवंच, नाहीतर चकाकीत पोषणतक्ता वाचता येत नाही. शाई आयएस १५४९५ प्रमाणे टोल्युईन नसलेली आहे असं लेखी घ्या. अशा शाईचा दर थोडा जास्त असतो, पण अन्नाच्या पॅकिंगमध्ये इथे काटकसर करू नये.

बीओपीपी आणि पेट फिल्म मोठ्या कारखान्यांत बनते. महाराष्ट्रात इगतपुरीजवळ मुंढेगावला आणि छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूजला असे कारखाने आहेत. कन्व्हर्टर त्यांच्याकडून फिल्म विकत घेतो, त्यामुळे या दोन थरांच्या दरात त्याच्या हातात फारसं काही नसतं. पॉली मात्र बरेच कन्व्हर्टर दाणे आणून स्वतःच फुगवून काढतात. घासाघीस करायची तर पॉलीच्या दरावर आणि पुढे येणाऱ्या मजुरीवर करा.

घट: छोटी ऑर्डर महाग का पडते

‘कमीत कमी ५०० किलो घ्या’ असं ऐकलं की अनेकांना ती अडवणूक वाटते. आकडे पाहिले की कारण दिसतं.

सहा रंगांचं काम मशीनवर चढलं की सहाही रंग एकमेकांवर नेमके बसेपर्यंत फिल्म वाया जात राहते. ही घट ५०० मीटर धरू. ९८० मिमी रुंदीत ते ४९० चौरस मीटर, पेट आणि शाई मिळून १८.८ जीएसएम, म्हणजे ९.२ किलो. मग पहिलं लॅमिनेशन. ताण आणि अ‍ॅडेसिव्हचं प्रमाण जुळेपर्यंत २०० मीटर जातात. आता थर वाढून ३७.६ जीएसएम झालेत, म्हणून ७.४ किलो. दुसऱ्या लॅमिनेशनला पुन्हा २०० मीटर, पूर्ण ८५.६ जीएसएमचे, म्हणजे १६.८ किलो. बेरीज ३३ किलोच्या थोडी वर.

ऑर्डर कितीही असली तरी हे ३३ किलो जाणारच. १०० किलोच्या कामावर ही घट ३३ टक्के, ३०० किलोवर ११, ५०० वर साडेसहा, हजार किलोवर तीन-साडेतीन टक्के. शिवाय कडांची कापणी २ टक्के आणि रोलची टोकं, जोड वगैरे मिळून आणखी दीड. ५०० किलोला एकूण दहा टक्के होतात. १५३ चे १६८ झाले. १०० किलोच्या कामाला हाच आकडा २०९ होतो. किलोमागे चाळीस रुपयांचा फरक नुसत्या मालात पडला, मशीन थांबल्याचे पैसे वेगळे.

कोणी १०० किलोचं काम ५०० किलोच्या दरात देतो म्हणाला, तर रंग नीट जुळण्याआधीचा मालही तुमच्याच रोलमध्ये गुंडाळला जाणार का, हे स्पष्ट विचारा.

सिलिंडर

प्रत्येक रंगाला एक सिलिंडर. लोखंडी गाभ्यावर तांब्याचा थर, त्यावर कोरीव काम, वर क्रोम. आपल्या कामाला २०० मिमीचे तीन रिपीट म्हणजे ६०० मिमी परीघ आणि आडव्या तीन पट्ट्या, म्हणून सिलिंडरच्या एका फेऱ्यात नऊ पाऊच छापले जातात. सिलिंडरचा दर पृष्ठभागाच्या मापावर असतो. एक सिलिंडर ६,००० रुपयांचा धरला तर सहाचे ३६,०००.

५०० किलोत ९१,२५० पाऊच निघतात. पहिल्याच ऑर्डरवर हा खर्च टाकला तर पाऊचला ३९ पैसे पडतात, पाच ऑर्डरींवर वाटला तर ८ पैसे. सिलिंडर लाखो मीटर चालतात आणि क्रोम झिजला तर पुन्हा चढवता येतो, म्हणून तो किलोच्या दरात मिसळू देऊ नका. वेगळं बिल घ्या आणि ‘सिलिंडर ग्राहकाच्या मालकीचे’ असं त्यावर लिहून घ्या. दरात मिसळलेला सिलिंडर वसूल होऊन गेला तरी दर खाली येत नाही, आणि कन्व्हर्टर बदलायची वेळ आली तर सिलिंडर मागायला हक्क राहत नाही. नव्या कारखान्याच्या मशीनला जुन्या सिलिंडरची लांबी आणि आतलं छिद्र बसतं का, हे मात्र हलवण्याआधी पाहावं लागतं.

खर्च वाचवायची खरी जागा डिझाइन करताना असते. चार मसाल्यांचे पाऊच एकाच मापाचे ठेवा, मांडणी एकच ठेवा आणि मसाल्याचं नाव, चित्र, घटक असा बदलणारा मजकूर दोनच रंगांत बसवा. मग पहिल्या मसाल्याचे सहा आणि पुढच्या तिघांचे दोन-दोन, असे बारा सिलिंडर लागतील. सुटं डिझाइन केलं तर चोवीस. चारही कामं सलग चढवली तर मधे दोनच सिलिंडर बदलायचे असल्यामुळे जुळवणीची घटही कमी होते.

दुसरी सूचना याहून महत्त्वाची. पत्ता, एफएसएसएआय परवाना क्रमांक, कस्टमर केअर, पोषणतक्ता, कचरा व्यवस्थापनाची नोंदणी, असा पुढेमागे बदलू शकणारा सगळा मजकूर फक्त काळ्या रंगात ठेवा. बदल झाला की एकच सिलिंडर नवा लागेल. हिरव्या पट्टीवर पांढऱ्या अक्षरांत पत्ता कोरला की तो हिरव्याच्या आणि कदाचित आणखी एका रंगाच्या सिलिंडरमध्ये अडकतो. कमाल किरकोळ किंमत, प्रति एकक किंमत, बॅच आणि तारीख सिलिंडरवर घेऊच नका. त्यासाठी कोरी चौकट सोडा आणि मशीनवरच्या कोडरनं छापा.

माल अजून बाजारात रुजलेला नसेल तर सिलिंडरच्या वाटेला जाऊ नका. कोरा चांदीचा किंवा पांढरा लॅमिनेट रोल आणि वर छापील लेबल, हा पहिल्या काही महिन्यांचा शहाणा मार्ग आहे. डिजिटल छपाईला सिलिंडर लागत नाहीत, पण चौरस मीटरचा दर बराच चढा असतो. वीस-तीस किलोच्या चाचणीपुरतीच ती परवडते.

मजुरी, नफा आणि शेवटचा दर

छपाई, दोन लॅमिनेशन, कापणी, वीज, उडून जाणारं सॉल्व्हंट मिळून किलोला ४५ रुपये धरू. १६८ + ४५ = २१३. दहा टक्के नफा धरून २३५, वाहतूक ४, म्हणजे जीएसटीआधी २३९ रुपये किलो. पाऊचला १ रुपया ३१ पैसे. १८ टक्के जीएसटी धरून किलोला २८२ आणि पाऊचला १ रुपया ५४ पैसे.

मजुरीचं एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. ती सांगतात किलोवर, पण मशीन चालतं मीटरवर. आपल्या ४५ रुपयांचा अर्थ चौरस मीटरला ३.८५ रुपये. बिस्किटाचं ४० जीएसएमचं दोन थरांचं लॅमिनेट घेतलं, तर एक लॅमिनेशन कमी म्हणून चौरस मीटरला ३ रुपये धरले तरी किलोला ७५ पडतात. पातळ फिल्मचा किलोचा दर जास्त दिसतो तो त्यामुळे. तेवढ्यावरून ती महाग ठरत नाही, पाऊचला ती स्वस्तच पडते.

दोन कोटेशन शेजारी ठेवताना

आता मूळ प्रश्न. एकानं २३९ रुपये किलो सांगितला, ८५.६ जीएसएम. दुसरा २३० सांगतो आणि वर ‘६० मायक्रॉन पॉली देतो, जास्त मजबूत’ म्हणतो. त्याचा जीएसएम ९४.८, पाऊच ६.०७ ग्रॅमचा, किलोला १६४ पाऊच. पाऊचला १ रुपया ४० पैसे. किलोमागे नऊ रुपये स्वस्त असलेला रोल लाख पाऊचला साडेआठ हजारांहून जास्त महाग पडला आणि २०० ग्रॅम मसाल्याला त्या जादा जाडीची गरजही नव्हती.

तिसरा नगावर भाव देतो, १ रुपया २५ पैसे. सहा पैसे वाचले असं वाटतं. तपासलं तर पॉली ४० मायक्रॉन निघते, जीएसएम ७६.४, पाऊच ४.८९ ग्रॅमचा. २३९ च्या दरानं त्याची किंमत १ रुपया १७ पैसेच आहे. शिवाय पातळ पॉलीचं सील कमी ताकदीचं असतं आणि पेटीत वरचे पाऊच खालच्यांवर दाबले गेले की खालच्यांचं सील उघडतं.

नियम असा बसवून घ्या: किलोवर विकत घेताना नुकसान ठरल्यापेक्षा जाड फिल्मनं होतं, नगावर विकत घेताना ठरल्यापेक्षा पातळ फिल्मनं. किलोचा सौदा असेल तर जीएसएमची वरची मर्यादा लिहून घ्या, नगाचा असेल तर खालची. जीएसएममध्ये उणे-अधिक ५ टक्के फरक धंद्यात मान्य असतो. पण दर वेळी अधिकच चार टक्के येत असेल, तर ते चार टक्के तुमच्या खिशातून जातात. किलोला किमान १७८ पाऊच निघतील, कमी निघाले तर तेवढी रक्कम वजा, अशी अट मागा. चांगला कन्व्हर्टर ती मान्य करतो.

एकूण मालात उणे-अधिक १० टक्के फरकही रूढ आहे. ५०० किलो सांगितले की ५५० येऊ शकतात आणि ते घ्यावे लागतात. पैशांची सोय तशी ठेवा.

माल उतरल्यावर

सोनाराचा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा आणि पोलादी पट्टी एवढं पुरे. रोलची वरची दोन-तीन वेढे फिल्म काढून टाका. नेमके १० × १० सेंमीचे दहा तुकडे कापा, काही डाव्या कडेचे, काही मधले, काही उजवे, आणि दोन-तीन वेगवेगळ्या रोलमधले. दहाही एकदम तोला आणि वजनाला १० नं गुणा. ८.५६ ग्रॅम भरले तर ८५.६ जीएसएम. कडेच्या आणि मधल्या तुकड्यांत ठळक फरक दिसला तर पॉली असमान फुगवली गेली आहे. असा रोल मशीनवर एका बाजूला ओढला जातो आणि सील तिरकं पडतं.

मग वजन. बिल नक्त वजनाचं आहे की गाभ्यासकट, ते पाहा. ७६ मिमी व्यासाचा, ३२० मिमी लांबीचा जाड पुठ्ठ्याचा गाभा सहज ४०० ते ५०० ग्रॅम भरतो. १५ किलोच्या रोलमध्ये तीन टक्के पुठ्ठा फिल्मच्या दरानं विकत घेतला जातो. रिकामा झालेला एक गाभा तोलून ठेवा, पुढच्या वेळी बोलायला आधार मिळतो.

सगळ्यात चांगली तपासणी पॅकिंग मशीनचा काउंटर करतो. नक्त १५ किलोच्या रोलमध्ये ५४७ मीटर फिल्म, म्हणजे सुमारे २,७३० पाऊच हवेत. गाभा धरून १५ किलो असेल तर २,६५५ च्या आसपास येतील. ६० मायक्रॉनचा माल आला असेल तर २,४७० च. दर रोलला काउंटरचा आकडा वहीत लिहायची सवय ऑपरेटरला लावा. सुरुवातीला आणि जोडावर वाया जाणारे एक-दोन टक्के पाऊच धरून हा आकडा पाहायचा.

रोल गुंडाळण्याची दिशा आणि आय मार्कची, म्हणजे कुठे कापायचं हे मशीनला दाखवणाऱ्या छापील खुणेची, बाजू ऑर्डरमध्ये चित्र काढूनच द्या. तोंडी सांगितलेलं हमखास उलटं होतं, आणि उलटा आलेला रोल पुन्हा गुंडाळून घेण्यात किलोला काही रुपये आणि दोन दिवस जातात. आय मार्कच्या उभ्या पट्टीत दुसरं काही छापलेलं नको, नाहीतर मशीनचा सेन्सर भलत्याच रेघेवर कट मारतो. एका रोलमध्ये जास्तीत जास्त दोन जोड आणि प्रत्येक जोडावर रंगीत टेप, हेही लिहून घ्या.

घाईची ऑर्डर देताना एक धोका असतो. सॉल्व्हंट नसलेलं अ‍ॅडेसिव्ह पूर्ण बसायला एक-दोन दिवस, कधी जास्तही लागतात. त्याआधी रोल कापला तर थरांमध्ये बोगद्यासारख्या सुरकुत्या येतात. रोलचा नवा वेढा उघडून हुंगा. थिनरसारखा वास आला तर सॉल्व्हंट अडकलेलं आहे. तो वास मसाल्यात उतरतो, म्हणून असा माल सरळ परत करा.

कर, उधारी आणि भाववाढ

जीएसटीची नियमित नोंदणी असेल तर रोलवरचा १८ टक्के कर वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेत असाल तर मिळत नाही आणि पाऊचचा खर्च १ रुपया ३१ पैसे नसून १ रुपया ५४ पैसे धरावा लागतो. मसाल्यावर ५ टक्के आणि पॅकिंगवर १८ असल्यामुळे वजावट साठत जाते. तिच्या परताव्याबद्दल सीएशी बोलून घ्या. ३० दिवसांच्या उधारीचा दर आणि रोखीचा दर वेगवेगळा मागा. महिन्याला दीड टक्का धरला तर २३९ वर साडेतीन रुपये होतात. आगाऊ पैसे देऊन त्याहून जास्त सूट मिळत असेल तर ती घ्यावी.

भाववाढीची मागणी आली की थरांचा वाटा काढा. आपल्या लॅमिनेटमध्ये पॉली वजनानं ५४ टक्के आहे. पॉली किलोला १० रुपयांनी वाढली, तर रोल ५ रुपये ४० पैशांनी वाढायला हवा, घट आणि नफा धरून सहा-साडेसहा. ‘दाणा दहानं वाढला म्हणून रोल दहानं’ हे मान्य करू नका. पेट आणि मेटपेट मिळून ३९ टक्के आहेत. ती दोन्ही दहा रुपयांनी वाढली तर साडेचार ते पावणेपाच रुपये. कोटेशनवर त्या तारखेचे पेट, मेटपेट आणि पॉलीचे मूळ दर लिहून घेतले असतील, तर हा हिशोब दोन मिनिटांत फोनवर होतो. दर उतरले की त्याच कागदावरून कपातही मागता येते. बहुतेक जण ती मागत नाहीत, म्हणून ती मिळतही नाही.